पक्कं झालं का?

बानाबाईवर मी पहिल्यांदा ओरडले ते वाटीभर पिठावरून. मुकुंदवाडीत आमची पिठाची गिरणी आहे. खाली गिरणी, वर आम्ही, आणि मागच्या दोन खोल्या भाड्यानं दिलेल्या. त्या खोल्यांत राहायला आल्याच्या दुसऱ्याच दिवशी ही बाई ज्वारी दळून घेऊन गेली आणि थोड्या वेळानं वाटी घेऊन परत आली. वाटीत बाजरीचं पीठ. म्हणाली, माझ्या डब्यात वरच्या थराला हे आलंय, माझ्या आधी जिचं दळण झालं तिचं हाय, तिला द्या. आता गिरणीत आधीच्या दळणाचं मूठभर पीठ पुढच्याच्या डब्यात जातंच, सगळ्या जगाला ते ठाऊक आहे. मी म्हटलं, अगं बाई, मी आता कुणाकुणाच्या दारात वाटी घेऊन फिरू? तर ती शांतपणे म्हणाली, "दुसऱ्याचं हाय ना ते." आणि वाटी ठेवून गेली.

तेव्हाच मला कळायला हवं होतं की ही बाई पुढं मला फार त्रास देणार आहे.

गिरणीच्या घरघरीत आयुष्य गेल्यामुळे मी साधं बोलले तरी लोकांना भांडल्यासारखं वाटतं. त्याचा तोटा असा, की मी खरंच रागावले तरी कुणाला फरक कळत नाही. या पावसाळ्यात मी खरोखर रागावले होते. सरकारवर, कॉलेजवर, बँकेवर, बानाबाईच्या थोरल्या दिरावर आणि सगळ्यात जास्त बानाबाईवर.

तिचं घर म्हणजे तीन माणसं. नवरा बिरू वाळूजला एका कारखान्यात ठेकेदाराकडून कामाला. कंपनीची बस त्याला चौकातून उचलते आणि तिथंच आणून टाकते. तो स्वभावानं गरीब आहे, कुणाचं मन मोडवत नाही. घरात काही वाद निघाला की त्याचं मत नेमकं शिफ्टला गेलेलं असतं. बानाबाई स्वतः जवळच्या खानावळीत भाकऱ्या थापते. भरतीची तयारी करणारी पोरं तिथं जेवतात आणि एकेक जण चार चार भाकऱ्या उडवतो. आणि तिसरी सुकेशनी, त्यांची एकुलती एक. उन्हाळ्यात बारावी झाली, सीईटी दिली, आणि फार्मसीला जायचं म्हणून हटून बसली.

फार्मसीचं वेड तिला कुठून लागलं तेही सांगते. ही मंडळी मूळची मेंढपाळ. लासूर स्टेशनपासून थोडं आत त्यांची वस्ती आहे. तिथं बिरूचा थोरला भाऊ हनुमान अजून मेंढरं राखतो. कळपात जंत झाले, खुरं सडली, की हनुमान तालुक्याहून औषध आणायचा, आणि बाटलीवरचं बारीक इंग्रजी कळेना म्हणून तिचा फोटो काढून पुतणीला पाठवायचा. सातवी-आठवीपासून ही पोरगी आमच्या गिरणीच्या पायरीवर बसून फोनवर चुलत्याला सांगत असायची, किती द्यायचं, कधी द्यायचं, गाभण मेंढीला द्यायचं की नाही. तेव्हा हा हट्ट काही हवेतून आलेला नव्हता. पोरीला मार्कही चांगले पडले आणि जुलैत शहरातल्याच एका कॉलेजात नंबर लागला. मी माझ्या पैशानं पेढे वाटले.

मग पैशाचं सुरू झालं. गिरणीत येणारी प्रत्येक बाई मला विचारायची, मुलींना तर फी माफ झालीय ना? माफ झालीय, हो. शिकवणीची आणि परीक्षेची. बाकी विकास निधी, अनामत, प्रयोगशाळा, वाचनालय, आणि कुणाला अर्थ विचारू नये अशी आणखी दोन-तीन नावं, ते सगळं मिळून बिरूच्या चार पगारांपेक्षा जास्त होत होतं. ते ठरलेल्या दिवसाच्या आत भरायचं, तरच जागा आपली. पण माफीची बातमी मोठ्या अक्षरांत आली होती आणि हे बारीक अक्षरांत, त्यामुळे लोकांना वाटायचं बानाबाई उगीच रडगाणं गातेय. मी एका बाईला तर म्हटलं, तूच जा आणि भरून ये मोठ्या अक्षरांतली फी.

मी तिला पैसे देऊ केले. तिनं घेतले नाहीत. "पोरीची मेंढरं असताना मी तुमच्यापुढं हात पसरू व्हय, ताई?" म्हणाली.

ही मेंढरांची भानगड मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळली. त्यांच्यात मुलगी जन्मली की आजा एका कोकरीचा कान कातरून तिच्या नावाची खूण करतो. सुकेशनीची खूण डाव्या कानाच्या शेंड्याला एक काप. त्या कोकरीची मेंढी झाली, तिला पिल्लं झाली, त्या पिल्लांचेही कान तसेच कातरले. राहतात ती चुलत्याच्या कळपात, पण मालकी पोरीची. बिरू-बानाबाईनं बँकेत कधी पैसा टाकला नाही. हाती चार पैसे जमले की आणखी एक मेंढी घ्यायची आणि तिच्या कानाला तीच खूण करून हनुमानच्या हवाली करायची. बानाबाई म्हणायची, बँकेतला पैसा पिल्लं घालत नाही. त्यात तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण आमच्या पतपेढीतल्या ठेवीचं काय झालं ते आम्हीही भोगलंय.

बानाबाईच्या स्वतःच्या नावाचीही मेंढरं होती. तिच्या बापाची खूण वेगळी, उजव्या कानाला शेजारी शेजारी दोन काप. लग्नात ती मेंढरं तिच्यासोबत सासरी आली. पण सासरच्या कळपात जी पिल्लं जन्मतात त्यांच्या कानाला सासरचीच खूण करायची, अशी रीत. त्यामुळे आणलेल्या मेंढ्या म्हाताऱ्या होऊन गेल्या तसे ते दोन कापही कळपातून गेले. हे तिनं मला भाकरीचं पीठ चाळता चाळता सांगितलं, काही विशेष नसल्यासारखं.

आता मेंढरं आहेत तर विका आणि भरा फी, इतकं सोपं ना? पण नाही. त्यांच्यात आणखी एक रीत. मुलीच्या नावाचं जनावर तिचं कार्य पक्कं झाल्याशिवाय विकायचं नाही. लग्नाची सुपारी फुटली की मग. न ठरलेल्या गोष्टीसाठी जनावर काढलं तर ती गोष्ट मोडते, असं मानतात. कॉलेजचा प्रवेश हेही पोरीचं कार्यच, तेव्हा त्यालाही तोच नियम, असं हनुमाननं ठरवलं. आणि खरं सांगायचं तर बानाबाईनंही आधी तेच धरलं होतं. बकरी ईदच्या आधी व्यापारी वस्तीवर येऊन तिच्या पोरीच्या नरांना मागू तो भाव देत होते. पण तेव्हा सीईटीचा निकाल नव्हता, नंबर लागलेला नव्हता, म्हणून ही म्हणाली, थांबा, आधी पक्कं होऊ द्या. ईद गेली, भाव गेला. हे मला कळलं तेव्हा मी गिरणी बंद करून तिला बोलले. कारण मला तिला नीट ऐकू जायला हवं होतं.

नंबर लागल्यावर बिरूनं भावाला फोन केला. हनुमाननं एकच विचारलं, "पक्कं झालं का?" बिरू म्हणाला, पैसे भरल्यावर पक्कं होतं. हनुमान म्हणाला, मग पक्कं नाही झालं. झालं की कळव, त्याच दिवशी विकतो.

म्हणजे पैसे भरल्याशिवाय पक्कं होणार नाही आणि पक्कं झाल्याशिवाय पैसे मिळणार नाहीत. मी कपाळावर हात मारला आणि बानाबाईला घेऊन बँकेत गेले, शैक्षणिक कर्जासाठी. साहेब तरुण होता, बोलायला गोड होता. त्यानं पाणी दिलं आणि म्हणाला, काकू, प्रवेश पक्का झाल्याचं कॉलेजचं पत्र आणा, मग बघू. मी विचारलं, आणि कॉलेज म्हणतंय आधी पैसे भरा मग पत्र देतो, त्याचं काय? तो हसला. त्याच्या त्या हसण्याचा मला अजून राग येतो. बाहेर आल्यावर मी म्हटलं, हा आणि तुझा दीर एकाच गुरूचे चेले दिसतात. 

दिवस जात होते. बिरू रोज भावाला फोन करायचा, आणि रोज तेच विचारणं आणि तेच उत्तर. मी त्याला सांगितलं, अरे मेल्या, झालं पक्कं म्हणून सांग की, कोण बघायला येतंय? तो मान खाली घालून म्हणाला, दादाला खोटं कसं बोलू. बायकोकडं बघितलं तर तीही मान हलवत होती. नवरा-बायकोचं एरवी कशात जमत नाही, ते नेमकं इथं जमलं. सुकेशनी एका संध्याकाळी गिरणीच्या पायरीवर येऊन बसली आणि म्हणाली, "ताई, राहू द्या. मी साधी बी.एस्सी. करते." इतकं समजूतदार पोरांनी असू नये. मी तिला पायरीवरून उठवलं आणि घरी पाठवलं. पण त्या दिवशी मला दळणाचे पैसे मोजताही येईनात.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी सगळं संपल्यासारखंच होतं. तेवढ्यात पोरीच्या फोनवर निरोप आला. प्रवेशाचं संकेतस्थळ बंद पडल्यामुळे मुदत दोन दिवसांनी वाढवली होती. सरकारी यंत्रणेच्या गलथानपणाचा मला आयुष्यात एकदाच फायदा झाला तो असा.

बानाबाई तेव्हा म्हणाली, "ताई, उद्या माझ्यासंगं लासूरला चला."

मी विचारलं, मी कशाला? तर त्यातही रीत. ती हनुमानशी बोलत नाही. भांडण वगैरे नाही. थोरल्या दिरासमोर डोक्यावर पदर घेऊन बसायचं आणि थेट बोलायचं नाही, असं त्यांच्या घरात चालत आलंय. लग्न झाल्यापासून त्याच्याशी ती एक शब्द बोललेली नव्हती. काही सांगायचं तर नवऱ्याच्या नाहीतर पोरीच्या तोंडून. बिरूच्या तोंडून सांगून काय होतं ते तिनं बघितलं होतं, म्हणून आता माझं तोंड हवं होतं. तोंड माझ्याकडे भरपूर आहे, मी निघाले.

सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही मुकुंदवाडीहून निघालो. गाडीत मी मनाशी ठरवून टाकलं. आपण खोटं बोलायचं. ही बोलत नाही, नवरा बोलत नाही, पण मला काय? माझा दीर नाही, माझी रीत नाही. हनुमान विचारेल, मी सांगेन झालं, दुपारी मेंढरं विकली जातील, उद्या पैसे भरू, आणि उद्या ते खोटं खरंच होऊन जाईल. एका दिवसाचं तर खोटं. मी बानाबाईला यातलं काही बोलले नाही.

वस्तीवर पोचलो तेव्हा हनुमान वाघरीत होता. मेंढरं कोंडायला दोरीच्या जाळ्याचं कुंपण करतात, त्याला ते वाघर म्हणतात. माणूस उंच, खांद्यावर घोंगडी, बोलण्यात मोठा अदबशीर. मी इतक्या शिव्या मनात घेऊन आले होते आणि त्यानं आधी पाय धुवायला पाणी दिलं, बाजेवर गोधडी टाकली, चहा केला. असा माणूस वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं. बानाबाई थोडी बाजूला जमिनीवर बसली, पाठ निम्मी वळवून, पदर कपाळाच्या खाली.

चहा झाल्यावर तो माझ्याकडं वळला. "ताई, तुमी शिकल्या-सवरल्या. तुमी सांगा. पक्कं झालं का पोरीचं?"

"झालं," मी म्हणाले. "अगदी पक्कं."

त्यानं मान डोलावली आणि उठायला लागला. इतकं सोपं होतं ते.

"नाय," बाजूनं आवाज आला. "खोटं हाय ते. पैसे भरल्याबिगर पक्कं व्हत नाय."

तो निम्मा उठलेला तसाच राहिला. मी बानाबाईकडं बघितलं. त्या क्षणी तिला धरून गदागदा हलवावं असं मला वाटलं. तोंडाशी आलेला घास हिनं स्वतःच्या हातानं मातीत पाडला होता. ती वाटीभर बाजरीच्या पिठाची जात, दुसरं काय. पण हनुमानचं लक्ष माझ्याकडं नव्हतंच. त्यानं भावजयीचा आवाज पहिल्यांदा ऐकला होता, आणि तो खाली जमिनीकडं बघत उभा होता.

बानाबाईनं पदर मागं सारला नाही, पण वळली.

"माझं तर समदं पक्कं करूनच झालं व्हतं," ती म्हणाली. "सुपारी फुटली, टिळा झाला, मंग बापानं माझ्या खुणंची मेंढरं संगं धाडली. ह्याच वाघरीत आली ती. त्यांच्या पिल्लांचे कान तुमच्या खुणंनं कातरले. आज ह्यातलं माझं कोणतं हाय ते दावा मला."

हनुमाननं वाघरीकडं बघितलं. दावायला काही नव्हतंच.

"मला शाळा आवडत व्हती. पाचवीतून काढली, का तर लग्न पक्कं झालं. पक्कं करून मला काय भेटलं, भाऊजी? माझ्या पोरीचं कच्चंच असू द्या. पर तिचं तिला द्या."

एवढं बोलून ती पुन्हा वळून बसली. आवाज चढलेला नव्हता.   हनुमाननं वाघरीचं एक टोक सोडलं, आत शिरला, आणि एकेका मेंढराचा डावा कान हातानं चाचपत सुकेशनीची मेंढरं बाजूला काढायला लागला. नर आणि मेंढ्या, सगळीच. एकही मागं ठेवलं नाही.

व्यापारी दुपारी आला. आम्हाला घाई आहे हे त्यानं दारातच ओळखलं. अडला हरी म्हणतात तसं आमचं झालं होतं, आणि तो ते पुरतं जाणून होता. ईदच्या वेळी जो भाव होता त्याच्या निम्म्याला थोडा वर. मी माझ्या गिरणीच्या आवाजात तासभर भांडले तेव्हा तो इंचभर हलला. एवढ्या वर्षांची मेंढरं टेम्पोत चढली आणि जे हाती आलं त्यात फी जेमतेम बसत होती.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात खिडकीवर पैसे भरले, तर आतला माणूस म्हणाला, गणवेश आणि ओळखपत्राचे वेगळे. ते मी भरले. बानाबाईनं या वेळी नाही म्हटलं नाही, पण महिनाअखेर भाड्याबरोबर ते पैसे वेगळे बांधून माझ्या हातात ठेवले. पावती मिळाल्यावर बिरूनं तिथूनच भावाला फोन लावला आणि सांगितलं, दादा, पक्कं झालं.

पलीकडून हनुमान म्हणाला, "बेस झालं. आता मेंढरं विकायला हरकत नाय."

बिरूला वाटलं तो थट्टा करतोय. मला वाटलं रागानं बोलतोय. विकायला उरलं होतं काय? तीन वर्षांच्या फिया पुढं उभ्या होत्या, शिष्यवृत्ती आली तर येईल, बसचा पास महागलेला, आणि हा माणूस परवानगी देतोय. मी बिरूच्या हातातून फोन ओढून घेणार होते, पण त्यानं तेवढ्यात ठेवला. हनुमाननं मागून का होईना, आपली रीत पुरी करून घेतली होती, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

दिवाळीच्या सुमारास, कळप चरायला लांब निघायच्या आधी, सुकेशनीच्या फोनवर चुलत्याचा फोटो आला. मी गिरणीतच होते, पोरगी कॉलेजातून येऊन पायरीवर बसली होती. तिला वाटलं नेहमीप्रमाणं औषधाची बाटली असेल. बघते तर कोकराचा कान. कान दुखावलाय, काय लावायचं असं विचारत असेल, म्हणून तिनं फोटो मोठा केला. तेवढ्यात दळण घ्यायला बानाबाई आली, तिला दाखवला.

उजवा कान होता. शेजारी शेजारी दोन काप, ताजे.

बानाबाई ज्वारीच्या पोत्यावर बसली. "माझ्या बापाची खूण हाय ही," म्हणाली. मग पोरीनं चुलत्याला फोन लावून विचारलं, किती पिल्लांना केलीय. तो म्हणाला, तुझं कॉलेज किती वर्षांचं? चार ना? चार कोकऱ्यांना. तुझ्या आईच्या आहेत म्हणून सांग. ह्यांना पिल्लं होतील त्यांनाही हीच खूण.

मी मनात हिशोब केला. कोकरीची मेंढी व्हायला, तिला पिल्लू व्हायला, ते विकण्याजोगं व्हायला जो वेळ लागतो, त्यात कॉलेजच्या दोन फिया तरी येऊन जातात. हे हनुमानला कळत नसेल असं नाही. मी तसं बोलूनही दाखवणार होते. पण बानाबाईनं पोरीच्या हातातून फोन घेतला. पदराकडं तिचा हात गेला नाही.

"भाऊजी," ती म्हणाली, "ही मेंढरं मी म्हणंन तवाच विकायची. पक्कं असू दे नायतर कच्चं."

मी गिरणी बंद केली होती, म्हणून मला ऐकू आलं. पलीकडून हनुमान म्हणाला, "व्हय."